सहा बदकांचं वय

बुधवार, ८ जानेवारी २०२५

समृद्धी आली आणि माझ्या बदकांच्या पायांत नंबर घालून गेली.

ही गणूची मुलगी, गणू म्हणजे माझा धाकटा भाऊ. डोंबिवलीला राहतात. पोरगी एम.एस्सी. करते — प्राणीशास्त्र. लहानपणी गांडूळ बघून खाटेवर चढायची, आता प्राणीशास्त्र! तिला प्रबंध लिहायचाय : बदकीचं वय वाढतं तसा अंड्यावर आणि आतल्या गर्भाच्या वाढीवर काय फरक पडतो. "काका, वय नक्की ठाऊक असलेली बदकं मला दुसरीकडे कुठे मिळत नाहीयेत. बाजारातल्यांचं वय कोणाला माहीत असतं?" मी लगेच ताठ बसलो. चहा दोनदा झाला.

जुन्या सहा जणी — सोमी, मंगी, बुधी, गुरी, शुक्री, शनी. रविवारी कारखान्याला सुट्टी असायची म्हणून सातवी घेतली नव्हती. नव्या पाच, गेल्या उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखाली उबवलेल्या, आत्ता कुठे अंड्यावर आल्यात. त्यांना नावं नाहीत. नर एकच, त्याचं नाव फोरमन. आवाज कायम बसलेला, काम शून्य, पण चाल अशी की सगळं खातं त्याच्या हाताखाली.

समृद्धीने फॉर्म पुढे केला. जुन्यांचं वय? "पाच वर्षं पुरी. २०१९च्या दिवाळीत आणली, तेव्हा ओंजळीत मावत होती." पालकाची सही? केली. चांगली झोकात केली.

९ जानेवारी

ती सही करायला नको होती.

सहापैकी दोघींचं वय खोटं आहे. इथे लिहून टाकतो, ही वही कोणी वाचत नाही. चंद्रभागा म्हणते तुमचं अक्षर म्हणजे चिखलातून बदक गेलंय. बरंच आहे.

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी हितेशने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला — बाविसावा मजला. आमचा एकुलता एक. "पप्पा, आता मोहने गावात काय ठेवलंय? तुम्ही दोघं इकडेच या." मी म्हटलं, बदकं? सोसायटीत चालत नाहीत म्हणाला. मग माझ्या तोंडून निघून गेलं : ही सहा आहेत तोवर आम्ही इथे, ती गेली की येतो. हितेश काही कच्चा नाही. तिथल्या तिथे मोबाइलवर बघितलं, बदक किती वर्षं जगतं. "ठीक आहे, पण ह्याच सहा हं. नवीन पिल्लं मोजायची नाहीत." शब्द दिला गेला. चंद्रभागा बाजूला वालाच्या शेंगा सोलत होती. हो नाही, काही बोलली नाही. पण तिला तिकडे जायचंय हे मला पक्कं ठाऊक आहे. लेक तिकडे, नात मेघाली तिकडे. तिथल्या लिफ्टमध्ये गाणं वाजतं हे ती अजून आल्यागेल्याला सांगते.

मला नाही जायचं. बाविसाव्या मजल्यावर मी करू काय? खाली बघू?

त्याच वर्षी पावसाळ्यात चंद्रभागा माहेरी कोपरीला गेलेली आणि कुत्र्यांनी मंगीला नेलं. तिला सांगितलं असतं तर सहाची पाच झाली असती आणि उलटी मोजणी सुरू. मी सरळ कल्याणला भिवाकडे गेलो. भिवा बाजारात कोंबड्या-बदकं विकतो. एक पांढरी तलंग आणली, अंड्यावर यायच्या बेताची. पांढरी बदकं सगळी एका साच्यातली, कोणाला काय कळतंय. गेल्या शिमग्याला पुन्हा तेच. चंद्रभागा कोपरीला भाच्याच्या हळदीला, आणि शुक्री सकाळी काठावर मान टाकून पडलेली. पुन्हा भिवा.

एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर होतो. दर तासाला दाब, पाणी, तापमान वहीत लिहायचो. एक आकडा मनाने भरला नाही. आणि आता भावाच्या मुलीच्या फॉर्मवर पहिल्याच पानावर थाप!

रविवार, १२ जानेवारी

काम जोरात. बदक पहाटे अंडं देतं, म्हणून संध्याकाळी एकेकीला वेगळ्या डालग्याखाली ठेवायचं. म्हणजे कुठलं अंडं कोणाचं हे नक्की. अकरा डालगी जमवताना अर्धं गाव पालथं घातलं. सकाळी अंड्यावर पेन्सिलीने नंबर, मग वजन. जुन्यांची अंडी चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी ग्रॅम. नव्यांची पासष्टच्या आसपास.

"असंच असतं," समृद्धी म्हणाली. "बदकी जसजशी वयाने वाढते तसतसं अंडं मोठं."

चंद्रभागा ओट्यावरून : "यासाठी कालेजात जावा लागतं? पयलटकरनीचा पोर बारीकच असतं."

समृद्धीने ते वहीत लिहून घेतलं. मस्करी नाही, खरंच लिहिलं.

१५ जानेवारी

आज प्रत्येकीचं एक अंडं काचेवर फोडून बघितलं. जुन्या सोमीचं कवच पातळ, बोटाने दाबलं तर चिरेल असं. पांढरं पाण्यासारखं काचभर पसरलं. बलक मात्र भला मोठा. नव्यांचं उलट — कवच टणक, पांढरं घट्ट, बलकाभोवती उंच उभं राहतं, बलक लहान. समृद्धीकडे ती उंची मोजायचं एक तीन पायांचं यंत्र आहे. मी दोनदा मोजून बघितलं. हात अजून स्थिर आहे.

मोठं अंडं म्हणजे चांगलं अंडं असं मी आजवर समजत होतो. तसं नाही म्हणे. आत गर्भ वाढायचा तर कवचातून पाणी बेताने उडायला हवं, पांढरं धरून राहायला हवं. म्हातारीच्या अंड्यातून पाणी जास्त जातं.

मग ती म्हणाली, "गंमत आहे काका. मंगी आणि शुक्री पाच वर्षांच्या वाटत नाहीत. पांढरं बघा कसं उभं आहे."

मी खोकलो.

१६ जानेवारी

"खोकला कसा आहे?" समृद्धीचा मेसेज. बरा आहे.

२० जानेवारी

उबवायची पेटी आली! कॉलेजची आहे, पण मी घरी चोवीस तास असतो म्हणून मॅडमनी माझ्या ताब्यात दिली. समृद्धी म्हणे मॅडमना सांगून आली, "माझे काका बॉयलर अटेंडंट होते." पोरगी गुणी आहे.

सदतीस पूर्णांक पाच. त्यापेक्षा अर्धा अंशही वर नको. खाली पाण्याचा ट्रे, हवेतली ओल मोजायचा काटा, अंडी दिवसातून चार वेळा फिरवायची. सहासष्ट अंडी लावली, प्रत्येकीची सहा. मी नवी वही काढली, रकाने आखले. किती वर्षांनी रकाने आखले! पट्टी हातात घेतली आणि मला उगाच भरून आलं.

चंद्रभागाने पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला. मी काढला, हवेची भोकं बंद होतात. तिने पुन्हा घातला, भोकं सोडून.

मग खरा प्रश्न निघाला. समृद्धीला चौदाव्या दिवशी काही अंडी फोडून आतल्या गर्भाचं वजन करायचंय. चंद्रभागा ऐकून घेईना. "पोटातल्या लेकराला काट्यावर ठेवतेस? माझ्या दारात नाय." शेवटी तह झाला : फोडायची ती कॉलेजात नेऊन, एकेकीची दोनच, आणि बाकी पिल्लं सगळी इथेच वाढणार. समृद्धीने वचन दिलं. चंद्रभागाने तिला वालाचं बिरडं वाढलं. म्हणजे मान्य.

२७ जानेवारी

सातवा दिवस. खोलीत अंधार करून एकेक अंडं टॉर्चवर धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि मधे एक काळा ठिपका हलतो! अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं. चंद्रभागाला हाक मारली. ती येणार नव्हती. आली, आणि सगळी सहासष्ट बघूनच उठली.

तेरा अंडी काढून टाकावी लागली. काही फळलीच नव्हती. काहींत शिरांच्या जागी रक्ताचं नुसतं कडं, म्हणजे गर्भ धरला आणि दोन-चार दिवसांत थांबला. सोमी, गुरी, शनी — अठरांतली सात गेली. "वय," समृद्धी म्हणाली. म्हाताऱ्या बदकीचा गर्भ सुरुवातीलाच दगावतो जास्त. नव्यांचीही पाच गेली, फार कोवळ्या वयातही नीट धरत नाही.

आणि मंगी, शुक्री, बुधी — अठरांतलं एकच.

मंगी-शुक्रीचं मला ठाऊक आहे. पण बुधी! बुधी अस्सल, पाच वर्षांची, माझ्या हातातली. माझी सगळ्यात लाडकी, हे बाकीच्यांना कळू देत नाही. दीड वर्षापूर्वी मला छातीत दुखून इस्पितळात नऊ दिवस काढावे लागले. परत आलो तर ही जास्तच चिकटली. नदीवर जाताना पायात पायात, दाणे हातातूनच हवे. काळजीने, दुसरं काय. खाणं चांगलं, मन चांगलं, तर वय काय करतंय? समृद्धीला म्हटलं, हेही लिही.

ते तिने नाही लिहिलं.

रविवार, २ फेब्रुवारी

हितेशचा नेहमीचा फोन. "बदकं कशी आहेत?" आधी बदकं, मग आम्ही. चंद्रभागा म्हणाली, "हायत." आमच्यासाठीच्या खोलीला रंग दिलाय म्हणे, फिकट हिरवा. "मम्मीनेच सांगितला."

मला कोणी विचारलं नाही. रंग ठरला म्हणजे हिचं मन केव्हाच तिकडे पोचलंय. दिवसभर चिडचिड झाली. फोरमनला उगाच ओरडलो.

३ फेब्रुवारी

चौदावा दिवस. समृद्धी बावीस अंडी डब्यात भुसा घालून घेऊन गेली. चंद्रभागा त्या वेळी मुद्दाम नदीवर गेली.

संध्याकाळी समृद्धीचा फोन, आवाज उतरलेला. नव्यांचे गर्भ हलके, अंडंच लहान. सोमी-गुरी-शनीचे कमी-जास्त, एक मोठा तर एक मागे राहिलेला. आणि मंगी, बुधी, शुक्रीचे एकसारखे, भरलेले, सगळ्यांत सरस. मॅडम म्हणाल्या, एका वयाच्या सहा बदकींत असे दोन तुकडे पडत नाहीत. एक तर मोजणी चुकली, नाही तर वय. खुलासा झाला नाही तर हे आकडे बाद. म्हणजे पुढच्या हंगामात सगळं पहिल्यापासून — पोरीचं वर्ष गेलं.

"मी चुकले असेन काका," म्हणाली. "पुन्हा सगळं तपासते."

ती नाही चुकली.

४ फेब्रुवारी

उद्या सांगतो.

५ फेब्रुवारी

नाही सांगितलं. पाहुणे आले. खरं तर पाहुणे चारला गेले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डोंबिवलीला गेलो. गणूच्या घरी नाही — समृद्धीला कॉलेजबाहेर बोलावलं, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसलो. गणूला कळलं तर हितेशला कळणार, हितेशला कळलं तर संपलंच. सगळं सांगितलं. मंगी, शुक्री, भिवा, बाविसावा मजला.

मला वाटलं रागावेल. ती आधी हसली. इतकी हसली की रसवाला बघायला लागला. मग एकदम थांबली आणि डोळे पुसले. "मी तीन रात्री आकडे तपासतेय काका. मला वाटलं मला जमतच नाही."

ते लागलं मला. सरळ म्हटलं, चुकलो. नवा फॉर्म दे, खरं लिहितो.

"मला तारखा हव्यात. कधी आणली, तेव्हा किती महिन्यांची होती." म्हटलं, भिवा सांगेल. "पण काका, दोनच? आणि बुधी?"

बुधी अस्सल आहे, मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेतल्या बाई बघायच्या तशी.

रविवार, ९ फेब्रुवारी

समृद्धीला घेऊन भिवाकडे. पठ्ठ्याला सगळं पाठ. मंगीच्या जागची पावसाळ्यात दिली, पाच महिन्यांची होती. शुक्रीच्या जागची शिमग्याला, सहा महिन्यांची. मी म्हटलं, लिहून घे समृद्धी. झालं.

"आन तिसरी?" भिवा म्हणाला.

कुठली तिसरी?

"वयनींनी नेली ती. तुमी इस्पितळात होताव तवा. ऑगस्ट. बोलल्या, सायबांना सांगू नको, त्यांच्या जिवाला लागंल." मग जीभ चावली. "मी एकाचा दुसऱ्याला बोललो नाय कवा. मना वाटला, आता तुमचा तुमाला ठावं असंल."

समृद्धीने खाली मान घालून लिहिलं : बुधी, ऑगस्ट २०२३, सहा महिने.

घरी आलो. बुधी धावत आली, पायात पायात. उभा राहिलो. म्हणजे माझी बुधी मी खाटेवर असतानाच गेली. आणि हिला भिवाकडे हातातून दाणे खायची सवय लागलेली असणार. आणि मी समजत होतो, तिला माझी काळजी! थोडा वेळ तिच्याकडे बघवेना. मग दाणे दिले. तिचा काय दोष.

आणि चंद्रभागा? मी आत नळ्या लावून पडलेलो, आणि ही बाई भर पावसात कल्याणच्या बाजारात पांढरं बदक शोधत फिरली, मला धक्का बसू नये म्हणून. दीड वर्षात चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिला काय विचारू? विचारलं तर माझ्या दोघी बाहेर पडतात. जेवताना तिने विचारलं, "काय झाला? मासं खारट हाय?" नाही म्हटलं. खारट होते.

११ फेब्रुवारी

मॅडम खूश! आता दोनच्या जागी तीन गट झाले : कोवळ्या, मधल्या, जुन्या. प्रबंध पहिल्यापेक्षा चांगला होणार म्हणे. नव्या फॉर्मवर सही केली. ह्या वेळी झोकात नाही, नीट.

१७ फेब्रुवारी

अठ्ठाविसावा दिवस. कालपासूनच आतून टकटक सुरू होती. चंद्रभागा पेटीसमोर पाट टाकून बसलेली, स्वयंपाकाला हात नाही. पेटीत पंचवीस पिल्लं झाली. जुन्यांच्या पाच अंड्यांतून तीन, कोवळ्यांच्या पंधरांतून बारा, मधल्यांच्या अकरांतून दहा! मधलं वय सगळ्यात भलं, असं समृद्धीचं अनुमान. जुन्यांची तिन्ही पिल्लं मात्र अंगाने सगळ्यांत मोठी. चंद्रभागाने त्यांतलं एक तळहातावर घेऊन सांगितलं, "ही सोमीची. बघा, तीच मान."

सोमी, गुरी, शनी. सहातल्या तीन उरल्या खऱ्या. बोटांवर पुन्हा मोजलं, तीनच.

रविवार, २३ फेब्रुवारी

नव्या फॉर्मची छापील प्रत मी वहीत ठेवलेली. चंद्रभागाने पुसताना वही उचलली, कागद पडला. छापील अक्षर तिला वाचता येतं, मला त्याचा विसरच पडलेला. समोर आणून ठेवला.

म्हणाली, "मंगी नि शुक्री मना पयल्याच दिशी कलल्या. नवी तलंग नदीवरून येताना शेजारच्या दारात शिरते."

मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तं सहाची पाच झाली असती."

मला नीट कळेना. म्हटलं, बुधीचं मला कळलंय, माझ्या जिवासाठी केलंस तू.

"तुमच्या जिवासाठी, ते निस्ता भिवाला सांगाला." ती पिल्लांना तांदळाची कणी टाकत होती, वर बघितलं नाही. "मना नाय जायाचा तिकडं. तुमाला लेकाकडं जायाचा व्हता, शब्द तुमी दिला. मी काय बोलनार?"

आणि हिरवा रंग?

"त्यानं इचारला, मी बोलले हिरवा. खोली त्याची हाय."

तेवढ्यात फोन वाजला. हितेश. दोघंही बघत बसलो. मग तिनेच उचलला.

"हायत," म्हणाली. "सहाच्या सहा."